राजाने संत्र्यांना बोलावलं

वाळवीला वाचनाची आवड भारी, पण निवड म्हणून नाही. कविता असो, कोश असो, खूनखराबा असो की कुणाच्या बोटीच्या प्रवासाची हकीकत, तिला सगळं एकाच चवीचं. आत्याच्या भिंतभर पुस्तकांत ती मागच्या बाजूने कधी शिरली आणि पार शेवटच्या पानापर्यंत कधी पोचली, कुणाला पत्ताच लागला नाही. पत्ता लागला तो एका दुपारी, आत्याने वरच्या फळीवरून एक जाडजूड कादंबरी ओढली तेव्हा. हातात आला नुसता पुठ्ठा. आत माती. तिने शेजारचं पुस्तक ओढलं, तेही तसंच. बाहेरून बघावं तर सगळी कशी ओळीने ताठ उभी, पाठीवर सोनेरी नावं, आणि उघडावं तर ठणठणगोपाळ.

आत्या म्हणजे भिंगरीच्या बाबांची मोठी बहीण. आणि भिंगरी म्हणजे भिंगरीच. तिला एक खरं नावही होतं, पण ते आता शाळेच्या हजेरीपटापुरतं उरलं होतं. ती आईबाबांसोबत खालच्या मजल्यावर राहायची आणि आत्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत. एक खोली आत्याला, एक पुस्तकांना. मोठी होती ती पुस्तकांची.

आत्याने एकतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातली एकूण एक चूक हुडकून काढायची, हे तिचं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. औषधाच्या बाटलीवरचा कागद दुरुस्त केल्याशिवाय ती औषध घ्यायची नाही. जिन्यापाशी कुणीतरी ‘लिफ्ट बंध आहे’ असा कागद चिकटवला, तेव्हा आत्याने लाल पेनाने ‘बंध’चं ‘बंद’ केलं आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्ट चालू झाली. बाबा म्हणाले, बिचारी शुद्धलेखनासाठी अडून बसली होती. आत्याच्या हातून आयुष्यात एकही चूक सुटलेली नाही, ही गोष्ट घरात कुणी कुणाला सांगत नसे. सूर्य कुठल्या दिशेला उगवतो हे तरी कोण कुणाला सांगतं.

तर अशा बाईची पुस्तकं गेली. औषध फवारणारा माणूस आला, त्याने एका फळीवर टिचकी मारली, कान लावला आणि सांगितलं की यातलं एकसुद्धा ठेवू नका, फळ्याही नकोत. दोन दिवस गोण्या भरभरून खाली गेल्या. मग भिंत खरवडली, रंगवली, आणि त्या खोलीचं पार बोळकं झालं.

आत्या रडली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. ती रडली नाही. बरंच झालं, झटकायचं काम वाचलं, एवढंच म्हणाली. ‘वाचलं’ हा शब्द आत्याने असल्या कामाला वापरलेला भिंगरीने कधी ऐकला नव्हता.

बाबांना दुःखावर एकच इलाज माहीत होता, तो म्हणजे नवी वस्तू. त्यांनी भिंतीच्या मापाचा टीव्ही ठरवून टाकला. येत्या रविवारी सकाळी माणूस ड्रिल घेऊन येणार, भिंतीला भोकं पाडणार आणि टीव्ही टांगून जाणार. आत्या म्हणाली, टांग बाबा, काय टांगायचं ते टांग.

भिंगरीचं डोकं फिरलं. ती अक्षरं शिकली होती ती त्या भिंतीवर. खालच्या फळीवरच्या पुस्तकांच्या पाठी तिच्या डोळ्यांच्या उंचीला यायच्या तेव्हा तिने ‘क’ ओळखला, मग जसजशी उंच झाली तसतशी एकेक फळी वाचत वर गेली. तिच्या मते तिची उंची दुसऱ्या कशाने मोजलीच जाऊ शकत नव्हती. आणि आता तिथे टीव्ही.

मागच्या वर्षीची भिंगरी असती तर उशीत तोंड खुपसून मोकळी झाली असती. मागच्या वर्षीची भिंगरी दुकानात जाऊन खोडरबर मागण्याऐवजी थुंकी लावून खोडायची. पण ही यंदाची भिंगरी होती. जूनमध्ये विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर ‘उर्जा’ लिहिलं, आणि हिचा हात आपोआप वर गेला. बाई, दीर्घ ऊ. सगळा वर्ग श्वास रोखून बसला. बाईंनी फळ्याकडे पाहिलं, ऱ्हस्वाचा दीर्घ केला आणि शांतपणे आभार मानले. त्या एका दीर्घ ‘ऊ’ने भिंगरीचा गळा जो मोकळा झाला, तो झालाच. आता शाळेत तिला गप्प बसवायला वेगळे शिक्षक नेमावेत की काय, असा प्रश्न होता.

सोमवारी शाळेतून आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून वर गेली. आत्या कोऱ्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसली होती.

“पुस्तकं परत आणायची,” भिंगरी म्हणाली.

“सगळी?”

“एकेक करून.”

“मग पहिलं कोणतं?”

भिंगरी नाव सांगायला गेली. सगळी पुस्तकं एकदम दारात येऊन उभी राहिल्यासारखी झाली, आणि दार एकच.

“बघ,” आत्या म्हणाली. “शनिवारपर्यंत वेळ देते. पहिलं कोणतं, आणि तेच का, ते सांगायचं. मला पटलं तर भिंत पुस्तकांची. नाही पटलं तर रविवारी टीव्ही, आणि मग हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही.”

भिंगरी दोनदोन पायऱ्या उतरत खाली आली आणि दारातूनच म्हणाली की संत्र्यांना बोलवा.

हे त्यांच्या घरचं बोलणं. आईबाबा निमूट टेबलाशी येऊन बसले, कारण या घरात काही ठरवायचं असलं की माणसांना नाही, संत्र्यांना, म्हणजे सोलून खायच्या संत्र्यांना, बोलवत. भिंगरी चार वर्षांची असताना आत्याने तिला मांडीवर घेऊन एक पातळसं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं होतं. घरात त्याला उचकीचं पुस्तक म्हणायचे. त्यात एका राजाला उचकी लागते. थांबता थांबत नाही. तेव्हा तो ताबडतोब सगळ्या संत्र्यांना दरबारात बोलावून घेतो आणि उपाय विचारतो; चित्रात मात्र एकटा राजाच. सगळे गप्प बसतात. एवढ्यावर भिंगरी इतकी हसली होती की तिलाच उचकी लागली. तेव्हापासून गादी बदलायची असो, सुट्टीत कुठे जायचं ते ठरवायचं असो, संत्र्यांना बोलवल्याशिवाय पान हलत नसे. ते पुस्तकही वाळवीने सोडलं नव्हतं. भिंगरीच्या मनात सगळ्यात आधी तेच आलं होतं, नाही असं नाही. पण दहावीतल्या मुलीने पैज जिंकायला अठ्ठावीस पानांचं चित्रांचं पुस्तक पुढे करायचं म्हणजे जरा अतीच. तिने ते मनातल्या मनात मागे सारलं.

बाबा म्हणाले, यात विचार कसला करायचा. आधी शब्दकोश. पाया भक्कम तर घर भक्कम. मंगळवारी भिंगरीने हे असंच्या असं वर जाऊन सांगितलं. आत्या म्हणाली, कोश म्हणजे किराणा. डबे भरले म्हणून कुणी जेवायला येत नाही.

बुधवारी आईचा सल्ला. रोज सकाळी चहाच्या आधी आत्या कवितांचं एक पातळ पुस्तक उघडून दोन पानं वाचायची, ते आण म्हणाली. आत्याने मान हलवली. त्या कविता तिला पाठ होत्या, आणि पाठ असलेल्या पुस्तकाला वाळवी काय करणार, मग ते आणायचं कशाला. हे सिद्ध करायला तिने दोन कविता घडाघडा म्हणून दाखवल्या. तिसरीत अडली. मग चिडली, आणि अडलेली ओळ आठवेपर्यंत भिंगरीला उठू दिलं नाही.

गुरुवारी भिंगरीने स्वतःचं आवडतं पुस्तक पुढे केलं. एका खुनाची भलीमोठी गोष्ट, जिच्यात अख्ख्या गावावर संशय असतो आणि पोस्टमन सोडून कुणी खरं बोलत नाही. आत्या म्हणाली, खुनी कोण ते मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे, आता आम्ही दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं का. मग खुनी खरं तर डॉक्टरणीला करायला हवं होतं, लेखकाने हातची संधी कशी घालवली, विषाची बाटली कुठल्या प्रकरणात आणायला हवी होती, हे तिने बारकाईने समजावून सांगितलं.

भिंगरी पडलेल्या चेहऱ्याने खाली आली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर न बघताच विचारलं, आज काय झालं. भिंगरीने सांगितलं, नाहीच म्हणाली.

“अगं, नाही म्हणते ते सोड,” आई म्हणाली. “किती वेळ नाही म्हणते ते बघ. मंगळवारी पाच मिनिटं, आज पाऊण तास.”

हे भिंगरीच्या डोक्यात आलंच नव्हतं. ती आईला मिठी मारायला गेली आणि घातलेल्या सगळ्या घड्या पुन्हा मोडल्या.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेली. दुकान कसलं, दोन इमारतींमधली एक लांबट बोळच तो, वर पत्रा टाकलेला आणि दोन्ही अंगांना डोक्याच्या वरपर्यंत पुस्तकं. मालकाला सगळे सावकाशकाका म्हणायचे. थप्पीतलं पुस्तक कुणी खसकन ओढायला गेलं की ते गल्ल्यावरून एकच शब्द म्हणायचे, त्यावरून. भिंगरीला नक्की काय शोधायचं ते माहीत नव्हतं. म्हणून तिने सगळंच शोधलं. कोश चाळले, कविता चाळल्या, आणि शेवटी कोपऱ्यात मुलांच्या पुस्तकांचा ढीग दिसला तेव्हा, नुसतं बघायला काय हरकत आहे असं म्हणून, त्याच्यासमोर मांडी ठोकली.

ढिगात वरून तिसरंच निघालं ते उचकीचं पुस्तक. मुखपृष्ठ वेगळं होतं. त्यांच्या पुस्तकावर राजा पिवळ्या झग्यात होता, इथे निळ्या. पण उचकीने उडालेला मुकुट तोच. दहावी वगैरे सगळं विसरून तिने सरळ पाचवं पान काढलं.

‘राजाने ताबडतोब सगळ्या मंत्र्यांना बोलावून घेतलं.’

तिने पुन्हा वाचलं. मग पुस्तक घेऊन तडक गल्ल्यापाशी गेली आणि काकांना म्हणाली की या पुस्तकात छपाईची चूक आहे, पेन्सिल असेल तर द्या, मी नीट करून देते.

काकांनी चष्मा लावला, ओळीवर बोट फिरवलं आणि चूक कुठे आहे ते विचारलं. राजा मंत्र्यांनाच बोलावणार ना बाळ, म्हणाले, आणखी कुणाला बोलावणार.

“संत्र्यांना,” भिंगरी म्हणाली.

काकांनी चष्मा काढला.

तेव्हा भिंगरीने त्यांना नीट समजावून सांगायला घेतलं. की राजाचा दरबार संत्र्यांचाच असतो. ती गडगडत येतात, आकाराप्रमाणे ओळीने बसतात, आणि ज्याच्या डोक्यावर अजून पान आहे ते सगळ्यात ज्येष्ठ. राजा त्यांना उपाय विचारतो आणि सगळे गप्प बसतात, कारण संत्र्यांना तोंड नसतं, आणि तोंड नसलेल्यांकडे सल्ला मागणारा राजा म्हणजे केवढा वेडा, हीच तर गोष्टीतली गंमत आहे. तिचा आवाज आता खणखणीत झाला होता. पुस्तकं चाळणारे दोघंतिघं थांबून ऐकायला लागले. ‘सगळे गप्प बसतात’ हे ती दुसऱ्यांदा म्हणाली, आणि ‘सगळे’पाशी तिची गाडी एकदम घसरली.

सगळे. संत्री म्हणजे ती संत्री, मग सगळी गप्प बसली पाहिजेत. सगळे कसे?

तिसरीत असताना तिने आत्याला हेच विचारलं होतं. आणि आत्याने, जिने आयुष्यात कुणाचं लिंग-वचन चुकू दिलं नाही तिने, पापणीही न हलवता सांगितलं होतं की दरबारात बसलं की फळसुद्धा पुल्लिंगी होतं.

भिंगरीने हळूच पहिलं पान उघडलं. ‘दुसरी आवृत्ती, सुधारून.’ खाली छापखान्याचं नाव. आत्याचाच छापखाना. आत्या नेहमी म्हणायची, हे माझं पहिलं पुस्तक. सगळ्यांना वाटायचं, तिने घेतलेलं पहिलं.

काका भले माणूस, ते हसले नाहीत, फक्त बराच वेळ खोकले. मग म्हणाले की पहिल्या आवृत्तीची प्रुफं ज्याने कुणी तपासली असतील, त्याचे कान त्या वेळी चांगलेच लाल झाले असणार. भिंगरीला ते कान कुठे राहतात ते माहीत होतं. तिने पुस्तक विकत घेतलं आणि ती पळत सुटली.

आत्या खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. भिंगरीने पाचवं पान उघडून तिच्यासमोर धरलं. आत्याने वाचलं. सुई शर्टात तशीच राहिली आणि कान खरोखरच लाल झाले.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच सांगत होते, तेव्हा मला ऐकू आलं.”

मग आत्याने सांगितलं. ती एकवीस वर्षांची होती, छापखान्यात तिसरा आठवडा. तेव्हा शिशाचे खिळे असत, एका खिळ्यावर एक अक्षर, आणि प्रत्येक अक्षराचं खणांच्या पेटीत आपलं घर. आधीचं काम मोडून खिळे परत टाकताना कुणीतरी एक ‘स’ चुकून ‘म’च्या घरात टाकला. मजकूर जुळवणाऱ्याच्या हाताला तोच लागला. आत्याने ते प्रूफ तीनदा वाचलं. तिन्ही वेळा राजाने संत्र्यांना बोलावलं आणि तिन्ही वेळा तिला मंत्री दिसले, कारण राजा आणखी कुणाला बोलावणार. हजार प्रती छापून झाल्या. मालकांनी एक उघडली आणि ते इतके हसले की कागदाच्या गठ्ठ्यावर बसावं लागलं. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि हुकूम दिला की ‘मंत्र्यांना’ एवढ्याच शब्दाच्या चिठ्ठ्या छापा, आणि हिने स्वतःच्या हाताने प्रत्येक प्रतीत चिकटवा. आत्या कितीतरी दिवस चिठ्ठ्या चिकटवत होती. बोटं खळीने कडक झाली. नऊशे नव्याण्णव प्रतींत चिकटवल्या.

“आणि एक?” भिंगरीने विचारलं.

“एक चोरली. लाज म्हणून जवळ ठेवली. रोज दिसली म्हणजे डोळे उघडे राहतील. कुणाला म्हणून सांगितलं नाही, तुझ्या बाबालासुद्धा नाही.” आत्याने सुई काढून दोऱ्याच्या गुंडीत खोचली. “मग तू चार वर्षांची झालीस. मांडीवर बसलीस, तेच पुस्तक ओढलंस. माझी सवय वाईट, छापलंय तेच वाचते. तोंडातून ‘संत्र्यांना’ निघून गेलं. दुरुस्त करणार होते गं. पण तू अशी हसायला लागलीस की मला दुरुस्तच करवेना.”

भिंगरी एव्हाना हसायला लागली होती. तिला फसवल्याचा राग येईल म्हणून आत्या वाट बघत होती, आणि तो काही येत नव्हता. बारा वर्षं अख्खं घर एका खिळ्याच्या मागे गडगडत होतं, आणि बाबा ऑफिसातसुद्धा एकदा चुकून संत्र्यांना बोलवा म्हणाले होते, त्याची आठवण झाल्यावर तर तिला जमिनीवरच बसावं लागलं.

“हस,” आत्या म्हणाली, पण तिला हसू येत नव्हतं. “आता खरं सांगते. तुला पहिलं कोणतं विचारलं ना, ते मुद्दाम. कोश मिळेल, कविता मिळतील, तो तुझा खुनी मिळेल. सगळी मिळतील. ते एक मिळणार नाही. संत्री असलेली प्रत जगात एकच होती, ती गेली. मग बाकीची कुठून सुरू करू?”

भिंगरी हसायची थांबली. आठवडाभर तिला वाटत होतं आत्याला पुस्तकं नकोत. आता कळलं की एक इतकं हवं होतं की त्याच्याशिवाय दुसऱ्याला हात लावायची तिची हिंमत होत नव्हती.

“मग पहिलं तेच,” ती म्हणाली. “जे विकत मिळत नाही ते आधी. मिळणारी काय, मिळतीलच.”

“नाही मिळत म्हणते ना.”

“नाही मिळत तर करू. हे पुस्तक बरोबर आहे, ते आपण चुकवू.”

तिने आत्याच्या पेनांच्या भांड्यातून पेन्सिल उचलली, पाचव्या पानावरच्या ‘म’भोवती एक गोल काढला आणि त्याच्या डोक्यावर ‘स’ लिहिला. आत्या बघत होती. तिच्या कपाळावर आठी चढली, मग दुसरी चढली, मग तिला राहवलं नाही.

“असं करतात का?” तिने पुस्तक ओढून घेतलं. “गोल कसले काढतेस, हा काय भूगोलाचा नकाशा आहे? डोक्यावर लिहायचं नसतं. जे अक्षर नको त्यावर तिरकी रेघ. नवं अक्षर बाहेर समासात, आणि त्याच्यापुढे परत तिरकी रेघ. आणि पेन्सिलीने नाही.”

तिने पेन्सिलीचं सगळं खोडलं, कागद फुंकला, लाल पेन घेतलं. ‘म’वर एक बारीक तिरकी रेघ दिली. समासात स्वच्छ गोल अक्षरात ‘स’ लिहिला. एकतीस वर्षं तिने चुकीचं बरोबर केलं होतं. बरोबरचं चुकीचं आज पहिल्यांदा करत होती, पण हात असा चालला की जणू रोजचंच काम. शेवटी पानाच्या वरच्या कोपऱ्यात, प्रूफ निर्दोष झालं की लिहायचा तो एक शब्द लिहिला, ‘छापावे’, आणि खाली सही ठोकली.

भिंगरीने विचारलं, पटलं का. आत्या तेवढ्यात पुढे वाचायला लागली होती. सहावं पान, सातवं, आठवं. बाराव्या पानावर ती थांबली. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मग खिडकीच्या उजेडात नेलं.

“भिंगरे, इकडे ये. ही ओळ वाच. मोठ्याने.”

भिंगरीने वाचलं. उचकी थांबावी म्हणून राणीने राजाच्या पाटीवर जोरात थाप मारली.

“पाटीवर,” आत्या म्हणाली, आणि आता मात्र तिला असं हसू फुटलं की खालून आई काय झालं म्हणून बघायला वर आली, तिच्यामागून बाबा. पाठीवर थाप मारायची ती पाटीवर मारली होती, आणि तीही सुधारलेल्या आवृत्तीत. “ही माझी नाही. माझ्यानंतरच्याने सोडली ही. मंत्री नीट करायच्या नादात बिचाऱ्याने राजाच्या हातात पाटी दिली.” डोळे पुसत तिने बाबांना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगितली, शिशाच्या खिळ्यापासून खळीपर्यंत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ताई, म्हणजे मी ऑफिसात जे बोललो ते तुझ्यामुळे. ती म्हणाली, हो. ते म्हणाले, बरं.

भिंगरीने लाल पेन पुढे केलं, पाटीचं पाठ करायला. आत्याने हात आडवा केला. राहू दे म्हणाली. मांडीवर बसून हसणारं आणखी कुणीतरी येईल, त्याच्या वाट्याला काही नको का.

रविवारी माणूस ड्रिल घेऊन आला तेव्हा आत्याने त्याला जिन्यातूनच खालच्या मजल्यावर पाठवलं. खालची भिंत बाबांनी आधीच मोजून ठेवलेली निघाली. आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि टीव्ही तिथेच टांगला गेला. सुतार माप घ्यायला आला, तो म्हणाला की या वेळी लोखंडी चौकट करू, खाऊ दे म्हणावं वाळवीला काय खायचं ते. मग चौघं जण सावकाशकाकांच्या बोळात शिरली, एकामागे एक, कारण दुसरं कसं शिरताच येत नव्हतं.

तिथे दुसरं पुस्तक कोणतं यावर जुंपली. बाबा कोश बगलेत मारूनच उभे राहिले. आई कवितांच्या पुस्तकातली ती अडलेली ओळ शोधत होती. भिंगरी खुनाचा पक्ष इतक्या जोरात मांडत होती की एका गिऱ्हाईकाने ते पुस्तक तिच्या हातातून घेऊन विकतच घेतलं. काका गल्ल्यावर कोपरं टेकून ऐकत होते.

आत्या म्हणाली की पहिलं तुम्ही ठरवलंत, दुसरं मी ठरवणार. “मी न वाचलेलं आणायचं. जुनी येतील हळूहळू, त्यांना घर माहीत आहे.”

तिने एका थप्पीतून एक पुस्तक काढलं. कुणाचं, कशाचं, तिने पाहिलंसुद्धा नाही. दारात उजेड होता तिथे जाऊन उभी राहिली आणि पहिलं पान उघडलं. बाबांनी हाक मारली. भिंगरीने मारली. नंतर काकांनी, कारण ती नेमकी वाटेत उभी होती आणि आत येणाऱ्यांना पुस्तकांच्या थप्प्यांना पाठ घासत तिच्याजवळून सरकावं लागत होतं. तिने नुसतं एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि पान उलटलं.